सही कोणाच्या अधिकारात? मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा शोधताना

२०२२ च्या पावसाळ्याआधी आमच्या सोसायटीच्या सभेत नालेसफाईचा विषय निघाला. दरवर्षीप्रमाणे कोणीतरी म्हणालं, नगरसेवकांना पत्र देऊ. तेव्हा मागच्या रांगेतले एक निवृत्त लेखापरीक्षक उठले. "नगरसेवक आहेत कुठे आता? ७ मार्चला सगळ्यांची मुदत संपली. स्थायी समितीही उरली नाही. मग खर्चाला मंजुरी देतंय कोण, आणि कायद्यात तसं कुठे लिहिलंय?" सभेत कोणालाच उत्तर देता आलं नाही. कायद्याची पुस्तकं वाचायची सवय मला आहे हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. पुढच्या सभेत मजकूर घेऊन येतो, असं सांगून मी मोकळा झालो.

पुढच्या सभेपर्यंत काही तो मजकूर हाती लागला नाही. बऱ्याच हेलपाट्यांनंतर लागला. उत्तर अगदी छोटं होतं, तरी ते मिळवताना जे दिसलं ते मला त्या उत्तराहून जास्त महत्त्वाचं वाटतं, म्हणून सगळं प्रकरण लिहून ठेवतो आहे.

आधी स्थिती सांगतो. मुंबई महापालिकेची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ ला झाली आणि २२७ नगरसेवक निवडून आले. त्यांची पाच वर्षांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, पण पुढची निवडणूक झालेलीच नव्हती. ८ मार्चपासून आयुक्त इक्बालसिंह चहल हेच प्रशासक झाले. महापालिकेवर प्रशासक येण्याची वेळ याआधी १९८४-८५ मध्ये आली होती, म्हणजे जवळपास चार दशकांनी ती पुन्हा आली.

नेहमीच्या दिवसांत कारभार कसा चालतो, हे मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मध्ये आखून दिलेलं आहे. कलम ५ म्हणजे महापालिका कोणाची बनते ते. कलम ५४ म्हणजे आयुक्त राज्य सरकार नेमतं ते. कलम ६४ मध्ये कामांची वाटणी आहे. त्यातल्या पोटकलम (३) नुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत, मात्र जिथे महापालिकेची किंवा समितीची मंजुरी लागते असं कायदा सांगतो तिथे ती घ्यावीच लागते. आयुक्तांनी प्रस्ताव ठेवायचा, स्थायी समितीने तो तपासायचा, मोठ्या गोष्टी सभागृहात जायच्या. अर्थसंकल्पाचा अंदाजही याच वाटेने जातो. लेखापरीक्षकांनी बोट ठेवलं होतं ते इथेच. मागणारा आणि देणारा अशा दोन बाजू कायद्याने मुद्दाम वेगळ्या ठेवल्या होत्या. ७ मार्चनंतर त्यातली एक बाजू रिकामी झाली.

तीन नावं, एक कायदा

सुरुवात मी घरातल्या पुस्तकापासून केली. फोर्टमध्ये विकत घेतलेली खासगी प्रकाशकाची आवृत्ती, चार-पाच वर्षं जुनी. तिच्यात मुदत संपली आणि निवडणूक झाली नाही तर काय, याबद्दल काहीच नव्हतं. आधी वाटलं की माझीच नजर चुकली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नजर चुकलेली नव्हती.

मग संगणकावर शोध घेतला. इथे जुना कायदा शोधणाऱ्याची पहिली अडचण येते ती नावाची. हा कायदा जन्मला तेव्हा त्याचं नाव होतं 'सिटी ऑफ बॉम्बे म्युनिसिपल अॅक्ट'. नंतर तो 'बॉम्बे म्युनिसिपल कॉर्पोरेशन अॅक्ट' झाला. १९९६ मध्ये नावातलं 'बॉम्बे' जाऊन 'मुंबई' आलं. न्यायालयाचे निकाल त्या त्या काळच्या नावाने नोंदलेले आहेत. एकाच नावाने शोधलं तर दोन तृतीयांश इतिहास निसटतो. मूळ अधिनियमाचा क्रमांक मात्र बदलत नाही. १८८८ चा मुंबई अधिनियम क्रमांक ३. जुना कायदा शोधायचा तर नावापेक्षा वर्ष आणि क्रमांक धरून चालावं, हे मी या प्रकरणात शिकलो.

उपनगरांत राहणाऱ्यांसाठी आणखी एक पेच आहे. १८८८ चा कायदा मुळात बेट शहरापुरता होता. महापालिकेची हद्द १९५० मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये वाढली, तेव्हा कुठे ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोचली. त्याआधी वांद्रे, कुर्ला इथे स्वतंत्र नगरपालिका होत्या आणि त्या वेगळ्याच कायद्यांखाली चालत. वांद्र्यातल्या एखाद्या गल्लीच्या रुंदीबद्दल १९३५ चा ठराव शोधायचा असेल तर १८८८ च्या कायद्याचा उपयोग नाही. राज्याच्या इतर भागांत हा गुंता याहून मोठा आहे. विदर्भातल्या नगरपालिका मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या कायद्याखाली होत्या, मराठवाड्यातल्या हैदराबादच्या. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने त्या सगळ्यांना एका छत्राखाली आणलं. असे कायदे रद्द होतात तेव्हा शेवटी 'निरसन व व्यावृत्ती' नावाचं कलम असतं. जुन्या कायद्याखाली झालेले नियम, उपविधी, आदेश नव्या कायद्याशी विसंगत नसतील तोवर चालू राहतात, असं त्यात सांगितलेलं असतं. म्हणजे कायदा मेला तरी त्याची पिल्लं जिवंत असतात, आणि ती कुठे आहेत याची यादी क्वचितच कुणाकडे असते. शेवटचं कलम आधी वाचावं, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

माझा प्रश्न ताज्या दुरुस्तीचा होता, म्हणून वाट राजपत्राकडे गेली. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या असाधारण भाग चारमध्ये अधिनियम आणि अध्यादेश मराठीत छापले जातात, आणि भाग आठमध्ये त्यांचा इंग्रजी अनुवाद. विधेयक मराठीत मांडलं जातं, मराठीत संमत होतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८(३) नुसार राज्यपालांच्या अधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद हा त्याचा इंग्रजीतला प्राधिकृत पाठ मानला जातो. १८८८ चा मूळ कायदा तर इंग्रजीतच लिहिलेला. त्यामुळे मूळ कापड इंग्रजी, अलीकडची ठिगळं मराठी, आणि कोर्टात उभं राहायचं तर पुन्हा इंग्रजी, अशी गोधडी तयार झाली आहे. ज्या शहरात २०११ च्या जनगणनेनुसार सव्वा कोटीच्या आसपास माणसं राहतात, त्या शहराचा कायदा कोणत्याही एका भाषेत सलग, अद्ययावत आणि सहज हाती येईल असा मिळू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

राजपत्रात दुरुस्ती सापडली तरी ती एकटी वाचून कळत नाही. दुरुस्तीचा साचा ठरलेला असतो. मुख्य अधिनियमाच्या अमुक कलमात, तमुक पोटकलमात, या मजकुराऐवजी हा मजकूर दाखल करण्यात येईल. मूळ वाक्य तिथे नसतं. ते दुसऱ्या पुस्तकातून काढायचं, पेन्सिलने खोडायचं, नवं वर लिहायचं, मग वाचायचं. त्यातही अध्यादेश असेल तर आणखी एक तारीख सांभाळावी लागते. अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याची जागा अधिनियमाने घेतली नाही तर तो संपतो. म्हणजे 'दुरुस्ती झाली का?' एवढं विचारून भागत नाही. 'मला हव्या त्या दिवशी ती जिवंत होती का?' हेही विचारावं लागतं.

आणि कलम हाती लागलं तरी कायदा हाती लागला असं होत नाही. याचं मुंबईतलं सगळ्यात ठळक उदाहरण कलम ३१४ चं. पदपथावरचं अतिक्रमण सूचना न देता काढता येईल, असं ते वाचताना दिसतं. पण १९८५ मध्ये पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सूचना न देण्याची ती मुभा हा अपवाद आहे. माणसाला आपलं म्हणणं मांडायची संधी देणं हाच नियम. कलमाचे शब्द तेच राहिले, अर्थ बदलला. तो बदल कायद्याच्या पुस्तकात दिसत नाही, निकालाच्या खंडात दिसतो.

कलमांमागे लागलेली अक्षरं

हे सगळं वाचताना वैतागलो तसा गुंतलोही. १८८८ चा कायदा म्हणजे शहराचा इतिहास कलमांच्या रूपात साचलेला आहे.

१८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार नावापुरता 'जस्टिस ऑफ द पीस' म्हणजे सरकारने नेमलेल्या मानद दंडाधिकारी मंडळींकडे दिला, पण खरी सत्ता एकट्या आयुक्ताकडे. ते आयुक्त आर्थर क्रॉफर्ड. ज्यांच्या नावाची मंडई आज महात्मा फुले मंडई आहे, तेच. त्यांनी शहर झपाट्याने बदललं आणि खर्चही तितक्याच झपाट्याने केला. १८७१ मध्ये करदाते खवळले. त्या वादात तरुण फिरोजशहा मेहतांनी घेतलेली भूमिका मला आजही विचार करण्यासारखी वाटते. दोष आयुक्ताच्या ताकदीचा नसून त्याच्यावर लक्ष ठेवणारं निवडून आलेलं मंडळ नाही याचा आहे, असं त्यांचं म्हणणं. आयुक्त बळकट ठेवा, पण त्याच्यासमोर करदात्यांचे प्रतिनिधी बसवा. १८७२ च्या कायद्याने ६४ जणांची महापालिका आली आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले होते. १८८८ चा कायदा घडवताना मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग दोघेही कायदेमंडळात होते. सभासद ७२ झाले. ३६ करदात्यांचे, १६ जस्टिसांचे, २ विद्यापीठाच्या फेलोंचे, २ चेंबर ऑफ कॉमर्सचे आणि १६ सरकारनियुक्त. प्रौढ मताधिकाराने निवडणूक व्हायला १९४८ उजाडावं लागलं.

पुढच्या प्रत्येक संकटाने आणि प्रत्येक संस्थेने या कायद्यात आपली खूण ठेवली. १८९६ चा प्लेग आला, त्यातून १८९८ चा सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, आणि तो १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला. कायद्यात सुधार समिती आहे. कलम ३५४ नंतर अक्षरं लागलेल्या, म्हणजे मागाहून घुसवलेल्या, कलमांची लांब रांग आहे आणि तिच्यात सुधारणा योजना येतात. १९४७ मध्ये बेस्ट महापालिकेकडे आली, म्हणून बेस्ट समिती आहे. शहरी पालिकांना राज्यघटनेत स्थान देणारी ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली. तिच्याशी जुळवून घेण्यासाठी १९९४ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ४१ आला आणि प्रभाग समित्यांचं कलम ५०टीटी जन्मलं. तीस वर्षांहून जुन्या इमारतीच्या मजबुतीचं प्रमाणपत्र देण्याची मालकाची आणि रहिवाशांची जबाबदारी कलम ३५३ब मध्ये आहे. माझ्या ओळखीतल्या कितीतरी सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना हे कलम नोटीस आल्यावरच कळलं. जिथे जीव जाऊ शकतो असं कर्तव्य १८८८ च्या एका कलमाच्या शेपटीला अक्षर लावून ठेवलं आहे.

१९९८ मध्ये मुंबईत महापौर परिषदेची पद्धत आणून पाहिली गेली आणि वर्षभराने मागे घेतली गेली. म्हणजे सांगाडा बदलायचा प्रयत्नच झाला नाही असंही नाही. पण प्रत्येक वेळी नवीन घडी जुन्यावरच घातली गेली.

मार्च २०२२ मध्ये कायद्याचं काय झालं

आता मूळ प्रश्न. माझ्या जुन्या पुस्तकात जे सापडलं नाही, ते तिथे असणारच नव्हतं. मुदत संपली पण निवडणूक झाली नाही, अशा स्थितीसाठी प्रशासक नेमण्याची तरतूद १८८८ च्या कायद्यात नव्हती. ती करण्यासाठी २०२२ च्या सुरुवातीला कायद्यात दुरुस्ती झाली. लेखापरीक्षकांच्या प्रश्नाचं उत्तर हे. महापालिका आणि समित्यांचे अधिकार आयुक्तांनी प्रशासक म्हणून वापरले, आणि त्याला आधार या ताज्या दुरुस्तीचा होता.

ही पोकळी आधीच्या लोकांच्या विसरण्यातून राहिली, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. निदान १९९३ नंतर तरी ती पोकळी असणंच बरोबर होतं. राज्यघटनेचा अनुच्छेद २४३-यू सांगतो की पालिकेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपण्यापूर्वी पुढची निवडणूक पूर्ण झालेली असली पाहिजे. पालिका मुदतीआधी बरखास्त झाली तरी सहा महिन्यांच्या आत निवडणूक. २००६ मध्ये अहमदाबादच्या किशनसिंग तोमर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन निवडणूक आयोगाला आणि राज्य सरकारांना स्पष्ट बजावलं. ज्या घटनेत मध्ये रिकामा काळ धरलेलाच नाही, तिच्याखालच्या कायद्यात रिकाम्या काळासाठी खुर्ची कशाला? २०२२ ची दुरुस्ती झाली तेव्हा ती खुर्ची घातली गेली. निवडणुकीला उशीर झाला तर कारभार कसा चालू ठेवायचा, एवढ्याचीच सोय झाली, उशीरच होऊ नये याची झाली नाही.

उशीर का झाला, याची कारणं शोधताना मला आणखी तीन कायद्यांत जावं लागलं. ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने विकास गवळी प्रकरणात इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी तिहेरी कसोटी लागू केली: आयोगाकडून मागासलेपणाची पाहणी, त्यावरून संस्थेनुसार ठरवलेलं प्रमाण, आणि एकूण आरक्षण निम्म्याहून जास्त नाही. तो खटला जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ च्या कलम १२ चा होता, पण त्याचा परिणाम राज्यातल्या सगळ्या स्थानिक संस्थांवर झाला. त्याच सुमाराला मुंबईचे प्रभाग २२७ वरून २३६ करण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२१ मध्ये झाला. ११ मार्च २०२२ ला प्रभागरचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे घेणाऱ्या दुरुस्त्या झाल्या. ११ मार्चपूर्वीच्या प्रभागरचनेनुसार निवडणुका घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने ४ मे रोजी सांगितलं. जुलैमध्ये इतर मागासवर्गीयांची पाहणी करणाऱ्या जयंतकुमार बांठिया आयोगाचा अहवाल आला आणि न्यायालयाने त्याआधारे पुढे जायला परवानगी दिली. ऑगस्टमध्ये प्रभाग पुन्हा २२७ करण्याचा अध्यादेश निघाला. त्याच महिन्यात न्यायालयाने 'जैसे थे' सांगितलं आणि मग सगळंच थांबलं. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत अधिसूचना काढायला सांगेपर्यंत ते थांबलेलंच होतं. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला.

कलम ५ मधला एक आकडा नऊ महिन्यांत एकदा वाढला, एकदा मूळ जागी आला. दोन्ही वेळा सत्तेतली बाजू वेगळी होती, म्हणून मी इथे पक्षांचा हिशेब मांडत बसत नाही. मला त्या आकड्याची अस्थिरता खुपते. निवडणूक डोळ्यांसमोर असताना प्रभागांची संख्या, सीमा आणि त्या ठरवणारा हात हे तिन्ही बदलता येतात, कारण कायदा ते कधीही बदलू देतो.

मागणारा आणि देणारा एकच

२०२२-२३ चा ४५,९४९ कोटींचा अर्थसंकल्पीय अंदाज फेब्रुवारी २०२२ मध्ये स्थायी समितीसमोर ठेवला गेला. त्यानंतरचे तीन अंदाज, २०२३-२४ चे ५२,६१९ कोटी, २०२४-२५ चे ५९,९५४ कोटी आणि २०२५-२६ चे ७४,४२७ कोटी, प्रशासकाच्या काळातले. तिन्ही मिळून सुमारे १ लाख ८७ हजार कोटी रुपये. आयुक्त म्हणून मांडायचं आणि प्रशासक म्हणून मंजूर करायचं, हे काम एकाच पदावरच्या व्यक्तीचं होतं. त्या व्यक्तींच्या प्रामाणिकपणाबद्दल मला काहीही म्हणायचं नाही. कोणी कितीही सचोटीचा असला तरी त्याने स्वतःच्याच प्रस्तावाला प्रश्न विचारावेत, अशी अपेक्षा करणारी पद्धत चुकीची आहे, आणि १८७१ मध्ये करदात्यांनी नेमकी याच्याच विरोधात आवाज उठवला होता.

एक छोटं कलम यात फार बोलकं आहे. कलम ५४ नुसार एकूण नगरसेवकांच्या पाच-अष्टमांश मतांनी आयुक्तांना हटवण्याचा ठराव झाला तर त्यांना जावं लागतं. प्रत्यक्षात हे हत्यार बाहेर काढायची वेळ येत नाही, पण ते भिंतीवर टांगलेलं असतं. सभागृहच नसताना पाच-अष्टमांश कशाचे? कलम पुस्तकात होतं, पण ते वापरू शकेल असा एकही माणूस जवळपास चार वर्षं नव्हता.

आमच्या विभागात याचा अनुभव साधा होता. शहर प्रशासकीय विभागांत वाटलेलं आहे. प्रभाग समितीच्या सभेत नगरसेवक अधिकाऱ्याला सगळ्यांसमोर विचारत, त्याची नोंद इतिवृत्तात होई. त्या सभा बंद झाल्या. अधिकारी भेटत होते, काही वेळा तत्परतेने कामंही करत होते. पण 'नाही' म्हटलं तर पुढे कुठे जायचं, हे दार बंद झालं. माहिती अधिकारात अर्ज करून निर्णय कळतो. त्या निर्णयाला आधी कोणी हरकत घेतली होती का हे कळत नाही, कारण हरकत घ्यायला कोणी नव्हतंच.

काय बदलावं

पहिली मागणी लोकांना किरकोळ वाटेल, मला ती मुळाशी वाटते. १८८८ च्या कायद्याचा राज्य सरकारने जबाबदारीने जपलेला, दर दुरुस्तीनंतर ठरावीक दिवसांत अद्ययावत होणारा मराठी आणि इंग्रजी मजकूर हवा, आणि त्यात तारीख टाकून त्या दिवशी कायदा काय होता हे पाहता आलं पाहिजे. केंद्र सरकारच्या 'इंडिया कोड' संकेतस्थळावर राज्यांचे कायदे आहेत, राजपत्रं डिजिटल झाली आहेत, चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाच्या खिडकीवर उभं राहण्याची वेळ पूर्वीइतकी येत नाही. हे सगळं मोलाचं आहे. पण दुरुस्ती मुख्य मजकुरात कधी मिसळली जाईल याची हमी नाही, आणि जुन्या तारखेचा मजकूर नागरिकाला आजही स्वतःच जुळवावा लागतो. ब्रिटनमध्ये सरकारी संकेतस्थळावर बऱ्याच कायद्यांचा त्या त्या तारखेचा मजकूर पाहता येतो. ज्यांच्या अमलात आपला कायदा लिहिला गेला, त्यांनी स्वतःच्या नागरिकांसाठी एवढी सोय केली आहे. आपल्याला ती का जमू नये, याचं पटणारं कारण मला अजून मिळालेलं नाही. उपविधी आणि नियमांची यादीही त्याच ठिकाणी हवी. १८८८ पासून काय चालू आहे आणि काय संपलं आहे, हे एकदा सरकारनेच तपासून सांगावं.

दुसरी गोष्ट निवडणुकीची. मुदत संपण्याच्या किमान एक वर्ष आधी प्रभागांची संख्या आणि सीमा गोठल्या पाहिजेत, आणि त्यानंतर केलेली दुरुस्ती पुढच्या निवडणुकीपासूनच लागू व्हावी. प्रभागरचना निवडणूक आयोगाकडेच असावी. प्रशासकाची तरतूद ठेवायचीच असेल तर तिला सहा महिन्यांची वेस हवी. बरखास्तीनंतरसाठी घटनेनेच तेवढी मुदत मानली आहे, मग मुदत संपल्यानंतर त्याहून जास्त कशी चालेल? आयुक्त आणि प्रशासक ही एकच व्यक्ती नसावी. प्रशासकाने घेतलेले मोठे आर्थिक निर्णय नव्या सभागृहाच्या पहिल्या काही सभांत मांडले जावेत, त्यांच्यावर चर्चा व्हावी आणि ती इतिवृत्तात यावी.

आणि कायदाच नव्याने लिहावा का? इथे माझं मन अजून दोन्हीकडे आहे. मुंबईसाठी १८८८ चा आणि राज्यातल्या बाकी २८ महापालिकांसाठी १९४९ चा असे दोन कायदे असण्याला आज इतिहासाखेरीज फारसं कारण नाही. नव्याने लिहिला तर अक्षरांची रांग सुटेल, ३५३ब सारखी कर्तव्यं दर्शनी भागात येतील, राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतल्या १८ विषयांपैकी नेमके कोणते महापालिकेचे आणि कोणते इतर प्राधिकरणांचे हे एकदाचं ठरेल. पण जुन्यात मोलाचं पुष्कळ आहे. महापालिकेने करायलाच हवीत अशा कामांची कलम ६१ मधली यादी, स्थायी समितीची तपासणीची ताकद, आयुक्ताला हटवण्याचा ठराव. नवा कायदा घाईत आला तर 'सुटसुटीत' करण्याच्या नावाखाली हेच आधी गळेल, अशी मला भीती आहे. शिवाय शतकभराचे निकाल या कलमांच्या क्रमांकांना बांधलेले आहेत. म्हणून माझा क्रम असा. आधी अधिकृत मजकूर, मग निवडणुकीची आणि प्रशासकाची दुरुस्ती, आणि नवा कायदा शेवटी, तोही जुन्या-नव्या कलमांचा तक्ता जोडून आणि मसुद्यावर प्रभागाप्रभागांत सुनावणी घेऊन.

जानेवारी २०२६ च्या मतदानानंतर मी ते सगळे कागद घेऊन लेखापरीक्षकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून दुरुस्ती वाचली, मूळ कलमाशी ताडून पाहिली. "म्हणजे २०३१ मध्ये पुन्हा हेच होऊ शकतं," ते म्हणाले. हो, म्हटलं, आजच्या शब्दांनुसार होऊ शकतं. मग आम्ही दोघांनी तिथेच बसून आमच्या विधानसभा सदस्यांना पाठवायचं एक परंतुक, म्हणजे कलमाला जोडायची अट, लिहिलं. भाषा त्यांचीच, चार वेळा खोडून पाचव्यांदा ठरलेली:

"परंतु, प्रशासकाची नेमणूक कोणत्याही परिस्थितीत सहा महिन्यांहून अधिक काळ चालू राहणार नाही, आणि आयुक्ताचे पद धारण करणारी कोणतीही व्यक्ती, ते पद धारण करीत असताना, प्रशासक म्हणून नेमली जाणार नाही."